वाचकांचे प्रश्न : गाणे कोणाचे, मैदान कोणाचे?

मागील अंकात याच पानावर ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल समाजांच्या कला-महोत्सवांविषयी एक टिपण छापले होते. मावळतीच्या उन्हात अंगाला पांढरी माती लावलेली माणसे पायांनी धूळ उडवत नाचत आहेत, असे एक वर्णन त्यात होते. ते वाचून खानदेशातील अनेक वाचकांना आपली होळी आठवली आणि पत्रे आली. सर्वाधिक पत्रे नंदुरबार जिल्ह्यातून आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून, निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण उल्लेख केलेला गार्मा महोत्सव नेमका कसा असतो? आपल्याकडच्या सरकारी सांस्कृतिक महोत्सवासारखा की जत्रेसारखा? (एक शिक्षक, शहादा)

उत्तर : जत्रेच्या जवळचा म्हणावा लागेल, कारण जत्रेची जागा जशी ठरलेली असते तशी गार्माचीही आहे. सातपुड्यातील आदिवासींची देवी याहा मोगी हिची यात्रा देवमोगऱ्यालाच भरते. गर्दी वाढली, रस्ता अडचणीचा आहे, म्हणून ती दुसऱ्या गावी भरवू असे कोणी म्हणत नाही. गार्माचेही तसेच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड हा प्रदेश आहे आणि त्याच्या ईशान्य भागात योलंगू लोक राहतात. नुलुनबुय या खाणीच्या गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर, निलगिरीच्या जातीच्या उंच झाडांच्या रानात गुलकुला नावाची जागा आहे आणि तिच्या कड्यावरून खाली समुद्र दिसतो. गांबुलाबुला नावाचा पूर्वज मधाच्या शोधात याच ठिकाणी आला आणि त्याने यिडाकी हे वाद्य येथील लोकांना दिले, असे योलंगू परंपरा सांगते. महोत्सव तेथेच भरतो. १९९९ साली लहानशा मेळाव्याच्या रूपाने त्याची सुरुवात झाली. आता तो साधारणपणे ऑगस्टच्या आरंभी चार दिवस चालतो आणि त्याचे यजमानपद योलंगूंच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाकडे आहे. दिवसा जमीन, शिक्षण, आरोग्य, रोजगार यांवर चर्चा होतात, मंत्री आणि अधिकारीही येऊन बसतात; परंतु दिवस ढळू लागला की सगळे मैदानाकडे वळतात आणि बुंगुल सुरू होते.

बुंगुल म्हणजे नृत्याचा विधी. वाळूचे मोकळे मैदान असते, त्याला व्यासपीठ नसते. एका बाजूला वडीलधारे गायक बिल्मा म्हणजे लाकडी टिपऱ्या घेऊन बसतात, शेजारी यिडाकीवाला असतो, आणि एकेका कुळाचे नर्तक आपापल्या पाळीने मैदानात येतात. तीन-चार वर्षांचे पोरही मोठ्यांच्या मागे पाय आपटत असते; त्याला कोणी बाजूला करत नाही, कारण त्याचे शिकणे तेथेच चाललेले असते. योलंगूंच्या जगात माणसे, कुळे, प्राणी, वारे, पाण्याच्या जागा या सगळ्यांची धुवा आणि यिरिचा अशा दोन भागांत वाटणी आहे. त्यामुळे कोणते गाणे कोणी म्हणायचे आणि कोणत्या नाचात कोणी पाय टाकायचा, हे जन्मानेच ठरलेले असते. त्या गाण्यांना मानिकाय म्हणतात. त्यांत कुळाच्या प्रदेशातील झरे, पक्षी, ढग, भरती-ओहोटी यांची नावे क्रमाने येतात. आपल्याकडे जमिनीची ओळख सातबाऱ्यावर असते. योलंगूंची ती गाण्यात आहे. हे लक्षात ठेवले, तर पुढील प्रश्नांची उत्तरे समजायला सोपी जातील.

प्रश्न : यिडाकी हे लांब नळीचे वाद्य आपल्या पावरीसारखे आहे का? (एक विद्यार्थी, साक्री)

उत्तर : बांधणी वेगळी आहे, पण वाजवणाऱ्याची मेहनत एकाच जातीची आहे. पावरीला भोपळा आणि बांबूच्या नळ्या लागतात. यिडाकीसाठी निलगिरीच्या जातीचे असे झाड शोधतात, ज्याचा गाभा वाळवीने आतून खाऊन पोकळ केला आहे. जाणकार माणूस रानात फिरून खोडावर बोटांनी टिचक्या मारतो आणि आवाजावरून पोकळी ओळखतो. मग खोड तोडून, आतून साफ करून, तोंडाशी मेण लावतात. वाजवताना गालांत हवा साठवून नाकाने श्वास घ्यावा लागतो, म्हणजे सूर तुटत नाही. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तासन्‌तास पावरी वाजवणारा आपला कोकणा पावरीकर नेमके हेच करतो. साक्रीत राहून आपण तो पाहिला असेल. पुढच्या वेळी त्याच्या गालांकडे लक्ष द्या. जगभर हे वाद्य डिजरीडू या नावाने विकले जात असले, तरी योलंगूंचा शब्द यिडाकी हाच आहे, आणि त्यांच्याकडे विधीच्या प्रसंगी ते पुरुषच वाजवतात.

प्रश्न : ‘ॲबोरिजिनल’ या शब्दाला मराठीत ‘आदिवासी’ म्हणावे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सोयीसाठी म्हणता येईल, मात्र ते एका समाजाचे नाव आहे असे समजू नये. १७८८ साली ब्रिटिशांची वसाहत सुरू झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. आजही लोक स्वतःला योलंगू, विराजुरी, नूंगार असेच म्हणवतात. टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोक तर ॲबोरिजिनल या नावातही येत नाहीत. त्यांची ओळख स्वतंत्र आहे. दोन्ही मिळून २०२१ च्या मोजणीनंतरच्या सरकारी अंदाजानुसार देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ३.८ टक्के लोक होतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. तेथेही कोणी नुसते ‘मी आदिवासी’ म्हणून थांबत नाही. तो भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी असे सांगतो. त्याने सांगितलेले नाव लिहावे, हे मला बरे वाटते.

प्रश्न : त्यांच्या चित्रफितींच्या आरंभी ‘यात मृत व्यक्तींची नावे, चित्रे व आवाज असू शकतात’ अशी सूचना असते. असे का? (एक विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचे नाव उच्चारत नाहीत, त्याचे छायाचित्र झाकून ठेवतात आणि त्याचा आवाज वाजवत नाहीत. हा काळ किती असावा, हे घरचे आणि कुळातील वडील ठरवतात. तो महिन्यांचा असू शकतो, वर्षांचाही. त्याच नावाचा दुसरा माणूस हयात असेल तर त्यालाही तेवढ्या काळापुरते दुसऱ्या नावाने हाक मारतात. मोठ्या गायकाचे निधन झाले, तर त्याची गाणी आकाशवाणीवरून काही दिवस थांबवली जातात आणि घरच्यांनी होकार दिला की पुन्हा सुरू होतात. ऑस्ट्रेलियातील वृत्तवाहिन्या, संग्रहालये आणि ग्रंथालये आता ही रीत पाळतात, म्हणून ती सूचना असते.

या प्रश्नाशी माझी एक जुनी बोच जोडलेली आहे, ती सांगते. अनेक वर्षांपूर्वी धडगावकडच्या एका पाड्यावर मी एका वृद्ध पावरा बाईंची गाणी ध्वनिफितीवर घेतली होती. चुलीपाशी बसून, मक्याची कणसे सोलत त्या गात होत्या. फीत ऐकताना आजही कणसाचे दाणे सुपात पडल्याचा आवाज मध्येमध्ये येतो. पुढे एका संस्थेने कार्यक्रमासाठी गाणी मागितली आणि मी फीत दिली. बाई त्याच पावसाळ्यात वारल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते, कारण मी मधल्या काळात विचारपूस केलीच नव्हती. कार्यक्रमाला तालुक्याच्या गावी आलेल्या त्यांच्या मुलाने भोंग्यावरून आईचा आवाज ऐकला. तो तेथे काही बोलला नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी मला गाठून त्याने एवढेच विचारले, “बाई, मायचा आवाज तुम्ही कोणाला विचारून दिला?” पावरा समाजात मृताच्या आवाजाविषयी काही निर्बंध आहे की नाही, हा येथे प्रश्नच नव्हता. विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही. त्यानंतर ती फीत मी त्याच्या घरी नेऊन दिली आणि माझ्याकडील प्रत कोणाला ऐकवायची झाली तर आधी त्याला निरोप पाठवते.

ऑस्ट्रेलियात ध्वनिमुद्रणांचा आणि चित्रफितींचा मोठा संग्रह १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत आहे, आणि तेथे काही गाणी पुरुषांनीच, काही स्त्रियांनीच, तर काही त्या त्या कुळातील दीक्षा झालेल्यांनीच ऐकावीत असे नियम समाजाच्या सांगण्यावरून पाळले जातात. ज्ञान सगळ्यांसाठी खुले असावे या मताचे लोक यावर नाराज होतात. मला स्वतःला तो नियम न्याय्य वाटतो. ज्यांनी गाणे शेकडो पिढ्या जपले, त्यांनी त्याच्या दाराची कडी आपल्या हाती ठेवली तर तक्रार करण्याचे आपल्याला कारण नाही.

प्रश्न : या समाजांत नाटक आहे का, की ते शहरातून आले? (एक हौशी रंगकर्मी, जळगाव)

उत्तर : तिकीट काढून खुर्चीत बसून पाहायचे नाटक शहरातून आले, हे खरे, परंतु पूर्वजांचा प्रवास नाचून, सोंगे आणून, गाऊन सांगणे हे त्यांचे मूळचेच आहे. शहरी रंगभूमीला तेथे एक वेगळे कारण घडले. विसाव्या शतकात, साधारण १९१० ते १९७० या काळात, सरकारी धोरणाने हजारो ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून काढून वसतिगृहांत, मिशनांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने हे प्रमाण दर दहा मुलांमागे एक ते दर तिघांमागे एक यांच्या दरम्यान असावे, असे म्हटले. अनेक ठिकाणी मुलांना स्वतःची भाषा बोलण्याची बंदी होती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. अशा रीतीने ज्यांची गाण्याची साखळी तुटली, त्यांना आठवण जपायला दुसरे साधन हवे होते आणि नाटक हे त्यांपैकी एक ठरले. १९७२ मध्ये सिडनीच्या रेडफर्न या वस्तीत कृष्णवर्णीय रंगभूमीची चळवळ उभी राहिली. पोलिसांची धाड, घरमालकाची दांडगाई, हरवलेला भाऊ असे विषय घेऊन लोकांनी आपल्याच वस्तीसमोर प्रयोग केले. पुढे १९८९ मध्ये बांगारा ही नृत्यनाट्य मंडळी स्थापन झाली. विराजुरी भाषेत या शब्दाचा अर्थ अग्नी पेटवणे असा आहे. एखाद्या कुळाची कथा मंचावर आणण्याआधी ही मंडळी त्या प्रदेशात जाऊन वडीलधाऱ्यांकडून परवानगी आणि शिकवण घेते, आणि तयार झालेला प्रयोग परत त्याच मातीत नेऊन दाखवते.

आपण खानदेशातले रंगकर्मी आहात म्हणून एक सुचवते. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातील सोंगाड्या पार्ट्यांची रात्र एकदा पूर्ण बसून पाहा. ढोलकीच्या साथीने रात्रभर चालणारे ते नाट्य गावाच्या भाषेत गावाच्याच भानगडी मांडते आणि सावकार, फौजदार, पुढारी या सगळ्यांना मैदानात आणते. राज्य नाट्यस्पर्धेच्या निकषांवर ते कोठे बसते, हा विचार त्या रात्रीपुरता बाजूला ठेवावा.

प्रश्न : महोत्सव म्हणजे शेवटी पर्यटन. नाचून-गाऊन त्या लोकांच्या पदरात काय पडले? (एक निवृत्त अधिकारी, धुळे)

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि अपयशापासूनच उत्तर सुरू करते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या बारुंगा महोत्सवात, १२ जून १९८८ रोजी, पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती एक निवेदन देण्यात आले. मध्ये मागण्यांचा मजकूर आणि भोवती निरनिराळ्या कुळांची चित्रे, असे ते होते. पंतप्रधानांनी ॲबोरिजिनल लोकांशी करार करण्याचे आश्वासन दिले. तो राष्ट्रीय करार अद्याप झालेला नाही. निवेदन कॅनबेराच्या संसद भवनात भिंतीवर आहे.

याच्या आधीचा एक प्रसंग मात्र फळाला आला, तोही उशिरा. योलंगूंच्या प्रदेशात बॉक्साइट सापडले आणि सरकारने तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक जमीन त्यांना न विचारता खाणीसाठी काढून घेतली. १९६३ मध्ये यिर्काला येथील वडीलधाऱ्यांनी झाडाच्या सालीवर कुळांची चित्रे काढून, त्यांच्या चौकटीत आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहून संसदेकडे पाठवला. पुढे ते न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केले की या लोकांकडे कायद्याची बारकाईने पाळलेली व्यवस्था आहे, पण ती जमिनीची मालकी ठरत नाही. ते हरले, परंतु त्या पराभवातून उठलेल्या वादामुळे १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतासाठी भूमिहक्क कायदा झाला. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडे किती वाट पाहून आला, आणि सातपुड्यातील माणसांना दाव्याच्या पुराव्यासाठी वडिलांच्या काळातील वनखात्याच्या दंडाच्या पावत्या कशा शोधाव्या लागल्या, हे आपण नोकरीच्या काळात पाहिले असेल.

पुराव्याचीच आणखी एक गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियातील वाळवंटी प्रदेशाच्या मूळ रहिवाशांना १९९७ मध्ये आपला हक्क सुनावणीत मांडायचा होता. न्यायालयाच्या इंग्रजीत तो नीट मांडता येत नव्हता. तेव्हा सुमारे ४० चित्रकारांनी मिळून ८ मीटर रुंद आणि १० मीटर लांब कापडावर आपल्या सगळ्या झऱ्यांचे, पाणवठ्यांचे आणि वाळूच्या टेकड्यांचे चित्र काढले. सुनावणीच्या वेळी ते जमिनीवर अंथरले गेले आणि प्रत्येक जण चित्रातील आपापल्या झऱ्यावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. न्गुरारा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्याचा निकाल २००७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

कलेची चोरी तर किती वेळा झाली. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने नवी एक डॉलरची नोट काढली आणि तिच्या पाठीवर डेव्हिड मलांगी यांच्या सालीवरील चित्रातील आकृती छापल्या. चित्र एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचे होते. चित्रकाराला कोणी विचारले नव्हते. बोभाटा झाल्यावर मध्यवर्ती बँकेने त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले. १९९४ मध्ये परदेशात विणलेल्या गालिच्यांवर पवित्र चित्रे विनापरवाना उतरवल्याबद्दल चित्रकारांनी खटला भरला आणि जिंकला. ज्या आकृतींसमोर जपून बोलावे, त्यांवर लोक बूट घालून चालणार होते. न्यायालयाने भरपाई ठरवताना हे सांस्कृतिक नुकसानही धरले. महोत्सवांतून या सगळ्याला जागा मिळाली: लोक एकत्र आले, वडील आणि तरुण एका सावलीत बसले, आणि कोणते चित्र, कोणते गाणे बाहेर द्यायचे, यावर बोलणे झाले.

प्रश्न : आम्ही ९ ऑगस्टला तालुक्याच्या गावी जागतिक आदिवासी दिनाचा मोठा कार्यक्रम करतो. यंदा मंचावर होळीचा नाच बसवायचा होता, पण आमच्याच गावातील आबांनी नकार दिला. तरुण मंडळी नाराज आहेत. काय करावे? (कार्यक्रमाचे एक संयोजक, तळोदा)

उत्तर : आबांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका प्रसंगी हजर होते. एका महाविद्यालयाने डिसेंबरच्या स्नेहसंमेलनासाठी अक्कलकुव्याकडील गावातून होळीचा संघ बोलावला होता. वेळ ठरली आठ मिनिटे. संघाबरोबर आलेले वृद्ध गृहस्थ पडद्यामागे बाकावर बसले होते. त्यांच्या मांडीवर घुंगरांचा पट्टा होता आणि ते एकेक घुंगरू अंगठ्याने पुसत होते. तरुणांनी मोरपिसांचे टोप चढवले, कमरेला वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ बांधली, अंगावर पांढरे ठिपके काढले. त्या वृद्ध गृहस्थांनी घुंगरू मात्र बांधू दिले नाहीत. ते म्हणाले, “पालनी केली का? मग घुंगरू कसे बांधता?” बुध्या, म्हणजे होळीत हे सोंग घेऊन नाचणारा माणूस, त्या दिवसांत पालनी म्हणजे नेम पाळतो, जमिनीवर झोपतो, खाटेवर बसत नाही, अंगाला पाणी लावत नाही, घरच्या संसारापासून दूर राहतो. त्या नेमाने अंगात जे येते, ते घुंगरांतून वाजते, असा त्यांचा विचार होता. शेवटी तो संघ घुंगरांशिवाय नाचला. निवेदकाने “आदिम लय” वगैरे शब्द वापरले, आणि समोरच्या मुलांना काही उणे असल्याचे कळलेही नाही.

काठी गावच्या राजवाडी होळीला आपण गेला असालच. रात्रभर ढोल आणि घुंगरू चालतात आणि उंच बांबूच्या दांड्याची होळी पहाटे पेटते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली कुटुंबे होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी आणि होळीसाठी गावी परततात. कित्येकांच्या घराचे दार चार महिन्यांनी उघडते. त्या परतण्याचा आनंद त्या नाचात असतो. ऑगस्टमध्ये तो आणायचा कोठून? आबा नकार देतात तेव्हा त्यांच्या मनात हे सगळे असू शकते.

मग ९ ऑगस्टला काय करावे? हा दिवस का ठरला, ते आधी आठवू. ९ ऑगस्ट १९८२ रोजी मूळनिवासी लोकसमूहांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक जिनिव्हा येथे झाली, आणि त्या तारखेची आठवण म्हणून १९९४ मध्ये हा दिवस जाहीर झाला. म्हणजे हा दिवस मुळात बैठकीचा, बोलण्याचा आहे. गार्मामध्ये दिवसा चर्चा आणि संध्याकाळी नृत्य असते, ती मांडणी आपल्याला सोयीची पडेल. सकाळी वनहक्काचे दावे, वसतिगृहातील अडचणी, ऊसतोडीची मजुरी यांवर बोलणे ठेवा. गाण्यांच्या बाबतीत पावसाळ्यातील गाणी कोणती, लावणी-निंदणीची कोणती, वाघदेवाच्या पूजेची कोणती आणि त्यांपैकी बाहेर म्हणायला हरकत नसलेली कोणती, हे आबांनाच विचारा. इंदल या पूजेची गाणी नवसाची; त्यांच्याबद्दल वेगळे विचारावे लागेल. नकार आला तर यादीतून ते गाणे काढावे आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्याचा उल्लेखही करू नये.

मंचाविषयी माझे मत स्पष्ट आहे. शक्य असेल तर तो काढून टाका. मैदानात गोल धरा, लोक भोवती बसू देत. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत, आमच्या दुःखाविषयी बोलणारे मंचावर आणि आम्ही खाली, ही सल आहे. शहादा-तळोद्याच्या आदिवासी श्रमिकांच्या चळवळीने ती खूप आधी ओळखली होती. मंच काढला की पाहुण्यांच्या हारतुऱ्यांनाही आपोआप कमी वेळ लागतो. आणि डीजे. मी तरुणांना दोष देत नाही, पण भोंगे लावलेल्या गाडीपुढे ढोलवाल्याचा हात थकून खाली येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही एका वेळी वाजवू नका, इतके तरी ठरवा.

पैशांचे बोलणेही आधीच व्हावे. दुर्गम पाड्यावरून आलेल्या संघाचा जीपचा खर्च, दोन वेळचे जेवण आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. प्रमाणपत्र आणि श्रीफळ त्यानंतर. कोणी चित्रीकरण करणार असेल, तर ते कोठे दाखवले जाणार, हे संघाला त्यांच्या भाषेत सांगावे. ऑस्ट्रेलियात केप यॉर्क या उत्तरेकडील द्वीपकल्पावर लॉरा नावाच्या ठिकाणी दर दोन वर्षांनी मोठा नृत्यमेळा होतो. तो परंपरेने विधीसाठी राखलेल्या मैदानावरच होतो आणि तेथे मद्य आणता येत नाही. हा नियम त्या लोकांनीच घातला आहे. आपल्याकडे पूजेत मोहाच्या धारेला मान आहे, त्यामुळे तसाच नियम उचलून आणावा असे मी म्हणणार नाही. पण कार्यक्रमाच्या मैदानापुरते काय चालेल, हे गावपंचांनी आधी ठरवून दवंडी द्यावी.

तरुण मंडळींची नाराजी मी समजू शकते. त्यांना आपली ओळख उजळ माथ्याने जगाला दाखवायची आहे, आणि ती इच्छा चुकीची नाही. त्यांना म्हणावे, येत्या होळीआधी आबांकडे जाऊन बसा आणि तुमच्यापैकी दोघांनी पालनी धरा.

प्रश्न : मला आजीची पावरी बोलीतील गाणी मोबाइलवर जतन करायची आहेत. कशी लिहावीत? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धडगाव)

उत्तर : देवनागरीत लिहा, पण उच्चार मराठीकडे ओढू नका. आजी जसे म्हणते तसेच लिहा. मराठी अर्थ शेजारच्या रकान्यात द्या आणि अर्थ लागत नसेल तर जागा कोरी ठेवा. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात भिल्ली बोली आणि खानदेशी यांचे नमुने आहेत. ते पाहिलेत तर एकेका शब्दाचे रूप सव्वाशे वर्षांत किती बदलले, ते दिसेल. गाणे कोणत्या प्रसंगाचे, आजी ते कोणाकडून शिकली, तिचे माहेर कोणत्या गावचे, त्या वेळी घरात कोण होते, ही माहिती प्रत्येक गाण्याच्या खाली तारखेसह लिहावी. मोबाइल बिघडतो किंवा हरवतो, म्हणून प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत घरच्यांच्या ताब्यात द्या. समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई नको.

मुद्रण झाले की त्याच संध्याकाळी आजीला ते ऐकवा. मधेच हात करून ती “हे नको” म्हणाली, तर तेवढे पुसून टाका. एखादी ओळ राहिली म्हणून तिने पुन्हा म्हणून दाखवली, तर मोबाइल हाताशी असू द्या.